घराचे कागद बँकेत देण्याआधी

मार्च-एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठांची प्रवेशपत्रं यायला लागतात आणि मे महिन्यापर्यंत सोलापुरातल्या बऱ्याच घरांत कपाटातून खरेदीखत बाहेर निघतं. पोरगं वालचंदमधून, ऑर्किडमधून नाहीतर पंढरपूरच्या स्वेरीमधून इंजिनिअर झालेलं असतं, पुण्यात वर्ष-दोन वर्षं नोकरी करून वैतागलेलं असतं, आणि ‘एमएस करतो, मग पुढचं तिकडंच बघतो’ एवढ्या एका वाक्यावर तीस-चाळीस लाखांचं कर्ज उभं राहतं. ‘तिकडंच बघतो’ म्हणजे नेमकं काय बघणार, कुठल्या महिन्यात आणि कुठल्या कागदावर, हे मात्र घरात कुणी विचारत नाही. आई-वडिलांना वाटतं, त्याला माहीत असेल. त्याला वाटतं, सगळेच जातात, सगळ्यांचं होतं.

जाऊ नका, असं सांगायला मी बसलेलो नाही. सोलापूरकराला तसं सांगायचा हक्कच नाही. आपला अख्खा पूर्व भाग हातात हुन्नर घेऊन परमुलखातून आलेल्या माणसांनी वसवला. तेलंगणातले पद्मशाली विणकर इथं आले, माग टाकले आणि सोलापुरी चादर देशभर गेली. काम असेल तिथं माणसानं जावं. विनंती एवढीच आहे की व्हिसा मिळणार नाही असं धरून हिशेब मांडा. तो हिशेब बसत असेल तर खुशाल जा. तो फक्त व्हिसा मिळाला तरच बसत असेल, तर घराचे कागद कपाटातच राहू द्या.

आधी रस्ता समजून घेऊ. मूल जातं ते विद्यार्थी व्हिसावर. शिक्षण संपल्यावर ओपीटी नावाची मुभा मिळते. तिच्यात १२ महिने नोकरी करता येते, आणि विज्ञान-तंत्रज्ञानातली पदवी असेल तर आणखी २४ महिने. म्हणजे एकूण तीन वर्षं. पण पहिल्या वर्षात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बिनकामाचं राहता येत नाही. पुढं राहायचं तर कुठल्या तरी कंपनीनं त्याच्यासाठी एच-वन-बी व्हिसाचा अर्ज करावा लागतो. हा व्हिसा १९९० च्या कायद्यातून आला. वर्षाला ६५ हजार, आणि अमेरिकेतच मास्टर्स केलेल्यांसाठी वेगळे २० हजार, एवढीच त्याची मर्यादा आहे. अर्ज त्याहून कितीतरी जास्त येतात, म्हणून दर मार्चमध्ये सोडत निघते.

या सोडतीबद्दल आपल्याकडं एक गैरसमज पक्का बसलाय. लोकांना ती भिशीसारखी वाटते. भिशीत यंदा नाही तर पुढच्या खेपेला, उशिरा का होईना, नंबर लागतोच. इथं तशी काही हमी नाही. मार्च २०२५ च्या सोडतीत सुमारे ३ लाख ४४ हजार पात्र नोंदण्या होत्या आणि त्यातल्या सुमारे १ लाख २० हजार निवडल्या गेल्या. म्हणजे शंभरात पस्तीस. हाच दर तीन वर्षं टिकला असं धरा. शंभर मुलांपैकी पहिल्या वर्षी ६५ राहतात, दुसऱ्या वर्षी ४२, तिसऱ्या वर्षी २७. ही सत्तावीस मुलं हुशार असतील, चांगल्या कंपनीत असतील, साहेब त्यांच्यावर खूश असेल. तरी त्यांना सामान बांधावं लागतं. मास्टर्सच्या वेगळ्या कोट्यामुळं आपल्या मुलांचं पारडं थोडं जड असतं हे खरं. पण तिन्ही संधी मिळायला पहिल्याच वर्षी नोकरी लागावी लागते, आणि तीही अशा कंपनीत जी अर्ज करायला तयार आहे. ‘आम्ही व्हिसा स्पॉन्सर करत नाही’ असं जाहिरातीतच छापणाऱ्या कंपन्या कमी नाहीत.

त्यात नियम बदललेत. आजवर पगार कितीही असो, चिठ्ठीचं वजन सारखंच असायचं. फेब्रुवारी २०२६ अखेर लागू झालेल्या नियमानुसार आता पगाराच्या चार पायऱ्या धरल्या जातात. सगळ्यात वरच्या पायरीवरच्या माणसाच्या सोडतीत चार चिठ्ठ्या, सगळ्यात खालच्याची एक. नुकतं मास्टर्स झालेलं पोरगं बहुधा पहिल्या-दुसऱ्या पायरीवर असतं. म्हणजे वर काढलेला पस्तीसचा आकडा त्याच्यासाठी आणखी खाली येणार. अमेरिकेच्या बाजूनं बघितलं तर यात काही गैर नाही. स्वस्तात माणूस मिळतो म्हणून व्हिसा वापरू नका, असं ते कंपन्यांना सांगताहेत. पण आपल्या घरातलं पोरगं त्याच स्वस्त पायरीवर उभं आहे, हे विसरून चालणार नाही.

दुसरा बदल जास्त गाजला. १९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलर भरण्याचा हुकूम काढला. डॉलर ९० रुपये धरला तर ९० लाख. महिन्याभरानं, २० ऑक्टोबरला, खुलासा आला की जो विद्यार्थी आधीच अमेरिकेत आहे आणि तिथूनच व्हिसाचा प्रकार बदलतोय, त्याला ही रक्कम लागू नाही. फटका बसतो तो पुण्यात किंवा हैदराबादेत बसलेल्याला, ज्याला कंपनी इथून थेट पाठवणार होती. हे लक्षात ठेवायचं कारण असं की सल्ला विकणारे लोक याच बातमीचा दोन्हीकडून धंदा करतात. एक सांगतो, इथून जायचं दार बंद झालं, आता एमएस हाच मार्ग, लवकर फी भरा. दुसरा सांगतो, एक लाख डॉलरचं आम्ही जमवून देतो. पहिल्याचं अर्धं खरं असतं. दुसऱ्याच्या ऑफिसातून लगेच उठून या.

आता कर्जाचं मंजुरीपत्र समोर घेऊ. बऱ्याच घरांत ते इंग्रजीत आहे म्हणून मुलगाच वाचतो आणि वडील दाखवलेल्या जागी सह्या करतात. तसं करू नका. समजा ४० लाखांचं कर्ज आहे, व्याज ११ टक्के, दहा वर्षांची फेड. पहिले २० लाख पहिल्या वर्षी गेले, उरलेले २० दुसऱ्या वर्षी. शिक्षणाची दोन वर्षं आणि पुढचे सहा महिने हप्ता नाही, त्यामुळं सगळे निवांत असतात. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढत असतं. अडीच वर्षांनी ते साडेआठ-नऊ लाख होतं आणि मुद्दलात मिळवलं जातं. हप्ता सुरू होतो तो ४० लाखांवर नाही, ४९ लाखांवर. महिन्याला सुमारे ६७ हजार रुपये, दहा वर्षं. एकूण फेड ८० लाखांच्या घरात.

हे ६७ हजार म्हणजे साडेसातशे डॉलरच्या आत. मुलाला तिकडं वर्षाला ८५ हजार डॉलरची नोकरी लागली तर कर कापून महिन्याला साडेपाच हजार डॉलर तरी हातात येतात. दोघा-तिघांत खोली घेऊन जपून राहिला तर अडीच हजार बाजूला टाकू शकतो. त्या वेगानं अख्खं कर्ज दोन-सव्वादोन वर्षांत निल होतं, व्हिसाचा निकाल काही का लागेना. हे घडतं, आणि घडलेली घरं आपल्या आसपास आहेत. म्हणूनच तर बाकीच्यांना धीर येतो.

आता दुसरी बाजू मांडा. पोरगं परत आलं, पुण्यात नव्यानं सुरुवात केली. नव्या मुलाला मोठ्या आयटी कंपन्या गेली दहा वर्षं साडेतीन लाखांच्या आसपासच ठेवून आहेत. हातात येतात पंचवीस हजार. अनुभव आणि मास्टर्स धरून दुप्पट-तिप्पट मिळाले असं समजू. ६७ हजारांचा हप्ता भरून हिंजवडीत खोलीचं भाडं कशातून द्यायचं? मग बँकेचं पत्र येतं ते वडिलांच्या नावानं, कारण मंजुरीपत्रावर वडील नुसते ‘ओळखीची सही’ म्हणून नाहीत, ते सहकर्जदार आहेत. मुलाइतकीच, पूर्ण रकमेची जबाबदारी त्यांची. आणि त्यांच्या निवृत्तीला चार वर्षं राहिलेली असतात.

तारणाचंही एक आहे. शेतजमीन बँका या कर्जाला सहसा घेत नाहीत, कारण थकलेल्या कर्जासाठी शेतजमीन कायद्यानं सहज ताब्यात घेता येत नाही. मग घर जातं, जुळे सोलापूरचा एनए प्लॉट जातो, किंवा मोहोळ-बार्शीकडची दोन एकर सरळ विकली जाते. विकलेली जमीन परत येत नाही. बिगरतारणी कर्ज देणाऱ्या खासगी वित्त कंपन्या आहेत. त्यांचा दर जास्त असतो आणि व्याज बहुतेक वेळा पहिल्या महिन्यापासून भरावं लागतं. तरी राहतं घर वाचत असेल तर मी दोन टक्के जास्त व्याज पत्करीन.

म्हणून आकडा आधी ठरवा, विद्यापीठ नंतर. इथल्या पगारात, आई-वडिलांची थोडी मदत धरून, किती हप्ता निभेल ते काढा. २० हजार निभत असेल तर साधारण १२ लाखांचं कर्ज तुम्हाला झेपतं. तेवढ्यात अमेरिका बसत नसेल तर पुण्यात तीन वर्षं काढा, पैसे साठवा, पगाराची पायरी चढा आणि मग बघा. नव्या सोडतीत अनुभवाला किंमत आली आहे. राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्त्याही आहेत: अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची, मराठा समाजासाठी ‘सारथी’ची, आणि ओबीसी, भटके-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गासाठी वेगळी. आपल्या पद्मशाली घरांनी ही शेवटची जरूर बघावी. जागा थोड्या आहेत आणि विद्यापीठ जागतिक क्रमवारीत पहिल्या दोनशेत असावं लागतं. पण मिळाली तर घराला हात लावायची गरज उरत नाही, आणि नाही मिळाली तर अर्जाचे कागद जमवण्यापलीकडं तुमचं काही जात नाही.

कन्सल्टन्सीबद्दल थोडं सविस्तर बोललं पाहिजे, कारण मुलं घरी सांगत नाहीत ते इथंच घडतं. ओपीटीचे नव्वद दिवस सरत आले आणि नोकरी नसली की तिकडच्या कन्सल्टन्सी म्हणवणाऱ्या छोट्या कंपन्यांचे फोन सुरू होतात. आम्ही तुला कागदावर घेतो, बायोडेटात सात वर्षांचा अनुभव दाखवतो, मुलाखत आमचा माणूस देईल, व्हिसाचा खर्च तुझ्या पगारातून कापू. यातली एकेक गोष्ट बेकायदा आहे. एच-वन-बी अर्जाची फी आणि वकिलाचा खर्च मालकानंच करायचा असतो. व्हिसावरच्या माणसाला काम नाही म्हणून बिनपगारी ‘बेंच’वर बसवता येत नाही, काम असो नसो, ठरलेला पगार द्यावाच लागतो. खोटा अनुभव सापडला तर कंपनी पुन्हा नव्या नावानं उभी राहते, मुलावर मात्र अमेरिकेची कायमची बंदी येऊ शकते. २०२३ पर्यंत एकाच मुलाच्या नावानं चार-चार कंपन्या सोडतीत चिठ्ठ्या टाकायच्या; आता कितीही कंपन्यांनी नाव दिलं तरी माणूस पासपोर्टवरून एकदाच धरला जातो, त्यामुळं तो खेळ बंद झाला. पूर्व भागातल्या बऱ्याच घरांचे पाहुणे हैदराबादेत आहेत आणि अमेरिकेची पहिली बातमी तिकडूनच येते. पाहुण्याच्या मुलाचं जमलं म्हणून त्याच्याच कन्सल्टन्सीत आपलंही टाकू नका. त्याच्या वेळचा नियम वेगळा होता.

आणि ‘थायलंडमध्ये आयटीची नोकरी, विमानाचं तिकीट फुकट’ हा निरोप व्हॉट्सअॅपवर आला तर तो तिथंच पुसा. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या दोन विमानांतून ५४९ भारतीय परत आणावे लागले. नोकरीच्या नावानं त्यांना थायलंडमार्गे म्यानमारला नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलं होतं. भरती करणारा एजंट सरकारच्या ई-मायग्रेट नोंदीत आहे का हे घरबसल्या तपासता येतं, आणि त्याला ३० हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाहीत.

एच-वन-बी व्हिसा अमेरिकेतल्या आणि इथल्या पगाराचं काय करतो, हेही कळलं पाहिजे. व्हिसा कंपनीच्या अर्जावर मिळतो. नोकरी बदलता येते, पण दुसरा मालक अर्ज करायला तयार हवा. नोकरी गेली तर साठ दिवसांत नवी शोधायची, नाहीतर निघायचं. ग्रीन कार्डाची रांग तर विचारूच नका. कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांपेक्षा जास्त वाटा नाही, त्यामुळं २०२५ मध्ये ज्या भारतीयांचा नंबर येत होता त्यांनी साधारण २०१३ मध्ये अर्ज केलेला होता. असा माणूस साहेबाशी पगारावरून भांडत नाही, रात्री अकराचा फोनही उचलतो. मालकाला हे ठाऊक असतं. मग शेजारच्या खुर्चीतल्या अमेरिकन माणसालाही पगारवाढ मागताना दबकावं लागतं. २०१५ मध्ये फ्लोरिडातल्या डिस्नेनं आपल्या सुमारे अडीचशे कर्मचाऱ्यांना काढलं, आणि जायच्या आधी त्यातल्या अनेकांना बदली आलेल्या परदेशी माणसांना काम शिकवावं लागलं. त्या लोकांचा राग आपल्यावर निघाला हे वाईटच. पण त्या जागी आपण असतो तर आपणही रस्त्यावर उतरलो असतो. गिरण्या बंद पडलेल्या गावाला हे वेगळं सांगायला नको.

इथल्या बाजारातही त्याचाच दुसरा अर्धा भाग दिसतो. ‘दोन वर्षं काढ, ऑनसाइट पाठवतो’ या गाजरावर पुण्या-बंगळुरातल्या कंपन्यांनी नव्या मुलांना वर्षानुवर्षं कमी पगारात ठेवलं. आता ते गाजर त्यांच्याकडंही फारसं उरलेलं नाही. टीसीएसनं जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार माणसं कमी करणार असल्याचं सांगितलं, तेही मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतली. दुसरीकडं परदेशी कंपन्यांनी भारतात थेट स्वतःची केंद्रं काढली आहेत. नॅसकॉमच्या २०२४ च्या मोजणीत अशी १७०० हून जास्त केंद्रं आणि १९ लाख माणसं होती, आणि त्यातली बरीच पुण्यात आहेत. माणूस तिकडं नेणं महाग झालं की काम इकडं आणलं जातं, असा या धंद्याचा आजवरचा अनुभव आहे. नव्या मुलांनी मोठ्या सर्व्हिस कंपनीत अडकून बसण्यापेक्षा दोन-तीन वर्षांत अशा केंद्रात शिरायचं बघावं. सोलापुरात आयटी पार्क काढायचं मुख्यमंत्र्यांनी २०२५ मध्ये जाहीर केलंय. तो होईल तेव्हा होईल. तोवर पुण्याला जायला सकाळची हुतात्मा एक्सप्रेस आहेच.

मुलीच्या आई-वडिलांना एक सांगणं. स्थळ आलं की ‘एच-वन आहे का’ हा प्रश्न आता सगळ्यांना पाठ झालाय. त्याच्यापुढं आणखी एक विचारा: त्याच्या ग्रीन कार्डाचा अर्ज कुठवर आलाय? तो ठरावीक टप्प्याला पोचल्याशिवाय एच-फोर व्हिसावर गेलेल्या बायकोला नोकरी करता येत नाही. एमटेक झालेली, पुण्यात लाखभर पगार घेणारी मुलगी तिकडं जाऊन चार-पाच वर्षं घरात बसते, आणि मग सगळ्यांना नवल वाटतं की ती फोनवर धड बोलत का नाही.

जी मुलं आत्ता तिकडं आहेत त्यांच्यासाठी थोडं. पहिल्या पगारापासून कर्ज फेडा. गाडी जुनी घ्या, इथं फ्लॅट बुक करू नका, आईला आयफोन नंतर. ओपीटीची तीन वर्षं हीच तुमची खात्रीची कमाई आहे, त्यापुढचं सगळं सोडतीवर. सहा महिन्यांचा खर्च आणि परतीचं तिकीट एवढे पैसे वेगळे ठेवा. व्हिसाचा शिक्का बाकी असेल तर घरच्या लग्नाला यायच्या आधी मुलाखतीची तारीख हातात आहे ना, ती टिकेल ना, हे वकिलाला विचारा. डिसेंबर २०२५ मध्ये समाजमाध्यमांची तपासणी सुरू झाल्यावर या तारखा कित्येक महिने पुढं ढकलल्या गेल्या, आणि चार दिवसांसाठी आलेली माणसं इथंच अडकली. आणि नोकरी गेली तर घरी त्याच आठवड्यात सांगा. साठातले चाळीस दिवस लपवण्यात गेलेली मुलं मला माहीत आहेत.

मुलानं फोनवर नोकरी गेल्याचं सांगितलं की आई-वडिलांनी ‘आता लोकांना काय सांगायचं’ हे वाक्य तोंडातून काढू नये. तेवढ्या एका वाक्याच्या धाकानं मुलं खोट्या कन्सल्टन्सीत शिरतात. मुदत संपून बेकायदा राहतात, किंवा एक व्हिसा टिकवायला नको असलेल्या दुसऱ्या पदवीला आणखी वीस लाख घालतात. त्याला कर्ज किती राहिलंय ते विचारा. बँकेत जाऊन हप्ता लांबवून मिळतो का, याची चौकशी हप्ता चुकायच्या आधी करा. थकल्यानंतर बँक ऐकायच्या मनःस्थितीत नसते. आणि पुण्यातल्या कुणाकुणाला त्याचा बायोडेटा पाठवायचा, ती नावं त्याच फोनवर लिहून घ्या.